सोपानरावांची दुसरी झडती

"तिच्या गळ्यात काय बी घालायचं न्हाई," सोपानराव म्हणाले, आणि विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीचा पुढे आलेला हात हवेतच थांबला.

हातात हिरवी फीत होती, आयकार्ड अडकवतात तसली. फितीवर पिवळी सूर्यफुलं छापलेली. मुलीच्या कोटावरच्या पट्टीवर 'वर्षाली' असं नाव होतं. तिने एकदा सोपानरावांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या सुनेकडे, योगिनीकडे, आणि शिकवल्यासारखं हसून म्हणाली, "काका, सक्ती नाहीये. मॅडमनी तिकीट काढताना मदत हवी असं टाकलं होतं म्हणून. ही फीत दिसली की सगळ्यांना कळतं, या पॅसेंजरला जरा जास्त वेळ द्यायचाय. कोणी कारण विचारत नाही."

"कारण इचारण्यासारखं हाय काय तिच्यात? तुमीच बघा की."

वर्षालीने वाकून पाहिलं. साक्षी काउंटरच्या काचेला गाल टेकवून उभी होती. सात वर्षांची. दोन घट्ट वेण्या, निळा फ्रॉक, नव्या चपला. तिच्या बापाने, ज्ञानेशने, कंपनीतून आणलेली काळी रबरी रिंग ती काचेवरून पुढे लोटत होती आणि पडायच्या आत झेलत होती. पुन्हा लोटत होती, पुन्हा झेलत होती.

"नाव काय गं तुझं?"

रिंग लोटली. झेलली.

"लाजती," सोपानराव म्हणाले.

चार वर्षं हा एकच शब्द त्यांना पुरला होता. पाहुण्यांना लाजती. शाळेतल्या बाईंना लाजती. दिघीच्या सोसायटीत शेजारणी जिन्यात उभ्या राहून काही विचारू लागल्या की, लाजती, आमच्या घराण्यात समदीच उशिरा बोलत्यात. योगिनीच्या प्लास्टिकच्या फायलीत डॉक्टरांनी लिहिलेला दुसरा शब्द होता. तो त्यांनी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता.

"आबा, अहो, ती फीत..." योगिनी हळूच म्हणाली.

"तुझी सासू काय म्हणाली ठाऊक हाय न्हवं? बिल्ला म्हशीच्या कानाला असतो म्हणून. चल, रांग वाढाया लागली."

योगिनीने फाइल छातीशी धरली आणि मान खाली घातली. वर्षालीने फीत मुठीत गुंडाळली. "मी पुढे तीन नंबरच्या गेटवर आहे. काही लागलं तर कोणालाही माझं नाव सांगा," ती म्हणाली. हे मात्र शिकवल्यासारखं म्हणाली नाही.

उद्या सकाळी नऊ वाजता बंगळूरच्या इस्पितळात साक्षीचा नंबर होता. अकरा महिन्यांपूर्वी लावलेला. तीन डॉक्टर दोन दिवस तिला पाहणार, आणि तिला काय शिकवायचं, कसं शिकवायचं ते ठरवणार. त्याआधीचा नंबर वाया गेला होता. त्या वेळी रेल्वेने निघाले, आणि सोलापूर यायच्या आत साक्षीने खिडकीच्या गजावर कपाळ आपटून आपटून फोडून घेतलं. सगळे सोलापूरला उतरले आणि भाड्याच्या गाडीने परत आले. अजून तिच्या भुवईवर ती रेघ दिसे. विमानाचा प्रवास दीड तासाचा. दीड तास ती काढील, असं योगिनी म्हणे. म्हणताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राही. ज्ञानेशच्या चाकणच्या कंपनीत नवी लाइन उभी राहत होती, सुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून मग सोपानराव. जन्मात पहिल्यांदा विमान.

योगिनीला खरी धास्ती होती ती झडतीची. परक्या माणसाचा हात साक्षीला सोसत नसे. केस कापायला बसवायचं तरी घरात दोन दिवस आधीपासून बोलणी चालत.

"झडतीचं तू माझ्यावर सोड," सोपानराव म्हणाले होते.

म्हणायचा त्यांना हक्क होता. माण तालुक्यातून ते आले होते सैन्यात भरती व्हायला. तळपाय सपाट निघाले म्हणून माघारी पाठवलं, तर माघारी न जाता ते चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले आणि सव्वीस वर्षांनी तिथूनच रिटायर झाले. कामगार त्यांना हवालदार म्हणत. शिफ्ट सुटली की दोनशे-तीनशे माणूस रांगेने बाहेर पडे, आणि प्रत्येकाच्या काखा, कंबर, खिसे, डबा सोपानराव तपासत. माणसामागे सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत त्यांचा हात कुणाला लागला असं वाटतसुद्धा नसे, इतका तो सराईत होता.

तर गेले आठ दिवस दिघीच्या घरात तालीम चालली होती. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या म्हणजे दरवाजा. टीव्हीचा रिमोट म्हणजे यंत्र. सोपानरावांनी ट्रंकेतून जुना गणवेश काढून अंगात घातला. पोटाशी एक बटण गळालेलं, ते तसंच सोडलं. "हात वर." साक्षी बघत राही. "असं. हात वर. मागं वळ. झालं, जा." पहिले तीन दिवस ती खुर्चीखाली शिरली. चौथ्या दिवशी उभी राहिली. सहाव्या दिवशी सोपानराव नुसते हॉलमध्ये आले तरी तिचे हात आपोआप वर जाऊ लागले. मग तिला त्याची गोडीच लागली. रिमोट घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राही आणि आजीला, अंबूबाईंना, बाहेर येऊ देईना.

"चाळीस वरसं संसार केला," अंबूबाई पिठाचे हात वर करून म्हणाल्या, "आता घरातल्या घरात झडती द्यायची राहिली हुती!" पण दिली त्यांनी. मागंसुद्धा वळल्या.

आता खरी रांग पुढे सरकत होती. साक्षी सोपानरावांच्या पुढे, तिच्यापुढे योगिनी. वर दिव्यांच्या पाटीवर त्यांच्या विमानापुढे वेळ दिसत होती. गेट बंद व्हायला पस्तीस मिनिटं होती.

"आबा," योगिनी मागे न वळता म्हणाली, "ती फीत तिच्यासाठी नव्हती."

"मग?"

"तिच्या गळ्याला काही लागलं की ती फाडून काढते. तुम्हाला माहितीय. फ्रॉकची लेबलंसुद्धा मी कापते. ती मी माझ्या गळ्यात घालणार होते."

सोपानराव सुनेच्या अंबाड्याकडे बघत राहिले. एवढी साधी गोष्ट. तिने काउंटरवरच सांगितली असती तर? पण चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडायचं तिच्या रक्तात नव्हतं, आणि आपण तिला बोलू कुठे दिलं?

पुढे एक जवान कुणाला तरी मोठ्याने म्हणाला, "भाईसाब, रुकिए!" तो माणूस न थांबता चालत राहिला. कानात त्याच्या बारकी यंत्रं होती, गाण्याची. जवानाने खांद्याला हात लावला तेव्हा दचकून थांबला, कानातलं काढलं, हसला. प्रकरण तिथंच मिटलं.

सोपानरावांना मात्र धम्मरत्न आठवला.

प्रेस शॉपचा, पत्रे दाबायच्या यंत्रांवरचा धम्मरत्न. उंच, शिडशिडीत, कुणाशी फार न बोलणारा. रांगेत सोपानरावांनी मागून "थांब" म्हटलं तरी हा सरळ चालू लागे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा सोपानरावांनी रिपोर्ट लिहिला: कामगार मुजोर आहे, हुकूम मानत नाही. असे तीन रिपोर्ट. तिसऱ्याला धम्मरत्नची नोकरी गेली. पुढे पाच-सहा वर्षांनी भोसरीच्या मंडईत भाजीच्या गाडीमागे उभा असलेला दिसला. कानामागे मळकट यंत्र होतं. त्यानेच ओळखलं, त्यानेच हाक मारली.

"हवालदार! पालक घ्या, ताजाय."

मग पालक मोजता मोजता सांगितलं. प्रेसच्या आवाजाने दोन्ही कान गेले होते. समोरून बोललं तर ओठांवरून कळायचं. मागून कुणी बोललं तर काहीच नाही.

"मंग सांगायचं की रं मला!" सोपानराव जवळजवळ ओरडले होते.

"सांगितलं असतं तर आदल्या दिवशीच काढलं असतं, हवालदार. ऐकू न येणारा माणूस प्रेसवर कोण ठेवतंय?" तो हसला होता. पालकाची एक जुडी त्याने वर टाकली होती. ती जुडी घेऊन सोपानराव घरी आले आणि अंबूबाईंना म्हणाले, आज जेवत नाही.

"अंकल, जूते, बेल्ट निकालिए. मोबाइल, पर्स, सब ट्रे में."

सोपानरावांनी बूट काढले, पट्टा काढला. पँट सैल होती. रिटायर झाल्यापासून अंग उतरलं होतं, पण जुनी पँट टाकायची त्यांची तयारी नव्हती. डाव्या हाताने ती धरून त्यांनी उजव्या हाताने ट्रे पुढे लोटला. त्यांच्या मागोमाग योगिनीची पर्स, फाइल, साक्षीची पिशवी.

"जेंट्स इधर. लेडीज उधर."

योगिनी साक्षीला घेऊन डावीकडच्या चौकटीकडे वळली. साक्षीने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. सोपानरावांनी तिला मान हलवून दाखवली: जा, येतंय तुला.

त्यांची झडती सहा सेकंदांतच झाली. जवान पोरसवदा होता, हात बरा होता. एका हाताने पँट धरून सोपानराव पलीकडे आले आणि पहिलं काय केलं तर साक्षीला शोधलं.

साक्षी चौकटीतून एकटी आली. न घाबरता आली. दोन पावलं चालली, थांबली, आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. हुबेहूब. बोटं ताठ, कोपर सरळ, नजर समोर. आठ दिवसांची तालीम तिने जशीच्या तशी उतरवली होती, आणि आता ती वाट बघत होती.

रांगेतलं कुणीतरी हसलं. "हँड्स अप!"

"अरे वा! इधर आओ बेटा, अंदर," महिला जवान म्हणाली, आणि तिने बाजूच्या लहानशा खोलीचा निळा पडदा सारला.

साक्षी हलली नाही.

सोपानरावांनी तो पडदा तेव्हाच पाहिला. पडदा. बायकांची झडती पडद्याआड होते. त्यांच्या कंपनीतही व्हायची! बायकांचं गेट वेगळं होतं, तिथे केसरबाई नावाची गार्ड होती, आणि तिच्या मागे असाच पडदा होता. सव्वीस वर्षं त्या पडद्यापासून वीस पावलांवर सोपानराव उभे होते. पण तिकडे बघायचं नसतं, ही त्यांची रीत. त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. नवे गार्ड आले की त्यांनाही हेच शिकवलं: नजर आपल्या रांगेवर. ती नजर इतकी पक्की बसली होती की नातीला झडती शिकवताना नात ही बाईमाणूस आहे, तिला त्या बाजूला जावं लागणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पुरुषांच्या गेटची झडती त्यांनी मुलीला शिकवली होती.

"आओ ना बेटा, पीछे लाइन लगी है," म्हणत महिला जवानाने साक्षीच्या पाठीला हात लावला. साधा, प्रेमाचा हात.

साक्षी किंचाळली.

त्या आवाजाची घरच्यांना सवय होती, इतरांना नव्हती. ट्रे लोटणारे हात थांबले. साक्षी जमिनीवर बसली, मग पालथी झाली, मग सरपटत ट्रेच्या टेबलाखाली शिरली आणि स्वतःचं मनगट चावू लागली. योगिनी धावत चौकटीतून आली, यंत्र वाजलं, तिला कुणीतरी थांबवलं. ती तिथेच फरशीवर बसली, साक्षीपासून दोन हातांवर, न शिवता. शिवलं तर वाढतं, हे तिला ठाऊक होतं.

"साक्षी. मी आहे. बघ, मी इथे आहे. साक्षी."

सोपानराव त्या बाजूला निघाले.

"अंकल, उधर नहीं जाना. लेडीज साइड है."

हेच वाक्य त्यांनी स्वतः किती वेळा म्हटलं असेल! ते थांबले. सवयीनेच थांबले.

"आजकालची पोरं," रांगेतली एक बाई म्हणाली. "मोबाइल काढून घेतला असेल हातातून."

"एक ठेवून द्यायची कानाखाली, मग बघा कशी उठते," तिच्यामागचा गृहस्थ म्हणाला. "आमची फ्लाइट जाईल हिच्यापायी."

"दिसतेय तर चांगली धडधाकट!"

योगिनीने मान वर केली नाही. पण तिचे कान लाल झालेले सोपानरावांना एवढ्या लांबून दिसले.

आतून एक अधिकारी आला. मध्यम वयाचा, कपाळावर आठ्या. त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं, रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मैडम, बच्ची को बाहर ले जाइए. शांत हो जाए तो फिर लाइन में आ जाइए."

"सर, आमचं बोर्डिंग..." योगिनी पुटपुटली.

पाटीवर आता वीस मिनिटं उरली होती. बाहेर जायचं म्हणजे पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणजे विमान गेलं. म्हणजे उद्याचे नऊ गेले. म्हणजे आणखी एक वर्ष. आठ वर्षांची होईल पोर, आणि तोवर कोणतं दार बंद झालेलं असेल, कोण सांगणार?

सोपानराव बायकांच्या बाजूला फरशीवर आखलेल्या पट्टीच्या अगदी कडेला येऊन उभे राहिले. "साहेब!" त्यांनी हाक मारली. "साहेब, ती... ती लाजती हो. शर्माती है."

"शर्माती है तो माँ समझाए ना, अंकल. इतने लोग रुके हैं."

बरोबर होतं त्याचं. लाजणाऱ्या पोरीला आईने समजवावं. नाही समजली तर बाहेर न्यावं. त्याच्या जागी सोपानराव असते तर त्यांनीही तेच केलं असतं. रिपोर्टसुद्धा लिहिला असता.

"साहेब," ते पुन्हा म्हणाले. सगळी रांग आता त्यांच्याकडे बघत होती. एका हाताने पँट धरलेला, पायात नुसते मोजे असलेला म्हातारा. "साहेब, मी खोटं बोललो. ती लाजत न्हाई. अपंगत्व हाय तिला. दिखता नहीं, पर है. जनम से है. कागद हायत आमच्याकडं, त्या फायलीत."

योगिनीने वर पाहिलं. थेट सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

अधिकाऱ्याच्या आठ्या जरा सैल झाल्या. "ऑटिज़्म?"

तो शब्द. अंबूबाई देवळात गेल्या असताना, योगिनी भाजीला गेली असताना, सोपानरावांनी ती फाइल उघडून तो शब्द बोट ठेवून तीनदा वाचला होता आणि फाइल होती तशी ठेवून दिली होती.

"व्हय," ते म्हणाले. "तेच."

"तो पहले बताना था ना! काउंटर पे बोल देते, अलग से करवा देते. उसके लिए ही तो है सब."

"व्हय साहेब. त्यांनी इचारलं हुतं. माझी चूक हाय."

रांगेतला गृहस्थ आता चपलेकडे बघत होता. अधिकाऱ्याने महिला जवानाला काहीतरी खूण केली. ती दोन पावलं मागे सरकली. "अब बताइए, क्या करें? चेक तो करना पड़ेगा."

"माझी झडती घ्या."

"आपकी हो गई है, अंकल."

"परत घ्या. तिला दिसंल अशी. हितं, मोकळ्यात. आधी आजोबा, मंग ती, असं शिकवलंय मी तिला. पडदा न्हाई शिकवला. आन् मॅडमना म्हणावं हात नका लावू, नुसतं यंत्र फिरवा."

अधिकाऱ्याने पुरुषांच्या बाजूच्या पोरसवदा जवानाला बोटाने बोलावलं.

सोपानराव टेबलासमोर, साक्षीला दिसेल अशा जागी आले. पाय फाकवून उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता पँट सोडावी लागणार.

त्यांनी ती सोडली.

"हात वर!" ते म्हणाले. गेटवरचा आवाज. सव्वीस वर्षं तीनशे माणसांच्या गलक्यावरून जायचा तो. आणि त्यांनी स्वतःचेच हात वर केले.

पँट कमरेवरून घसरली आणि फाकलेल्या पायांमुळे कुठेतरी अडकली. सदरा वर ओढला गेला. पांढऱ्या बनियनखाली कमरेचा काळा करदोटा उघडा पडला. जवान ओशाळला. "अंकल, पैंट पकड़ लीजिए."

"हात खाली आला की तिला वाटंल झालं म्हणून. तू घे बाळा. सावकाश घे."

जवानाने यंत्र फिरवलं. काखेतून, बरगडीवरून, करदोट्यावरून. सहा सेकंदांचं काम त्याने वीस सेकंद केलं.

"मागं वळा," सोपानराव म्हणाले आणि वळले.

आता त्यांच्यासमोर रांग होती. सगळी माणसं. किती हजार माणसांना आपण असं वळवलं, आणि वळलेला माणूस कशाकडे बघतो ते कधी मनात आलं नाही. कशाकडेच बघत नाही तो. बघण्यासारखं काही नसतं. त्यांनी नजर कुणाच्याही चेहऱ्यावर ठेवली नाही, पाटीवर ठेवली. चौदा मिनिटं. हातांना रग लागली होती. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. किंचाळणं थांबलं होतं, एवढंच. थांबलं होतं की दम लागला होता?

"आबा," मागून योगिनीचा आवाज आला, अगदी हलका, जणू मोठ्याने बोललं तर काही सांडेल. "हात नका खाली घेऊ."

टेबलाचा पाय फरशीवर घासला. मग फ्रॉकची सळसळ. सोपानरावांनी मान वळवली नाही, नुसते डोळे वळवले. त्यांच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर, दोन वेण्या दिसल्या. एक सुटली होती. मनगटावर दातांच्या खुणा असलेला एक हात वर गेला. मग दुसरा.

महिला जवान गुडघ्यावर बसली. यंत्र तिने साक्षीच्या अंगापासून चार बोटं लांब धरलं आणि खांद्यापासून चपलांपर्यंत फिरवत नेलं. श्वाससुद्धा रोखून धरला होता तिने.

"पीछे घूमो, बेटा."

साक्षी तशीच उभी.

"मागं वळ," सोपानराव म्हणाले.

साक्षी मागे वळली.

"झालं. जा."

रांगेत कुणीतरी टाळी वाजवायला गेलं. योगिनीने बोट ओठांवर ठेवून त्याला थांबवलं. मग तिची स्वतःची झडती पडद्याआड पटकन झाली. ती बाहेर आली तेव्हा वर्षाली धापा टाकत येऊन उभी होती, हातात बिनतारी फोन. "मला गेटवर कळलं. दहा मिनिटं आहेत, मी थांबवलंय त्यांना, चला!" तिने फीत पुढे केली. योगिनीने सासऱ्यांकडे पाहिलं नाही, विचारलं नाही. फीत घेतली आणि गळ्यात घातली.

सोपानरावांनी बूट पायात सरकवले. फाइल काखेत मारली. पट्टा ट्रेमधून उचलला, आणि कमरेत घालायला म्हणून एक टोक पहिल्या पट्टीतून ओवणार, तोच पाठीमागे काहीतरी ओढल्यासारखं वाटलं.

त्यांनी हळूच मागे पाहिलं. साक्षीने त्यांच्या पँटच्या मागच्या पट्टीत, पट्टा ओवायच्या जागी, आपलं एक बोट अडकवलं होतं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. लांब कुठल्यातरी दुकानाच्या दिव्यांकडे बघत होती. पण बोट घट्ट होतं. हात धरायचा नाही, धरू द्यायचा नाही, असा तिचा सात वर्षांचा नेम. शाळेच्या रस्त्यावर, जत्रेत, सोलापूरच्या फलाटावरसुद्धा.

"आबा, पट्टा घाला ना," योगिनी पुढून म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे."

पट्टा त्यांनी मनगटाला गुंडाळला. डाव्या मुठीत पँट पुढून धरली, मागून ती साक्षीने धरली होती. आणि काचेच्या, अत्तरांच्या, चकचकीत दुकानांच्या मधून सोपानराव गेटाकडे चालू लागले. लहान पावलं टाकत, पाठ सरळ ठेवून, ते बोट निसटणार नाही एवढ्या बेताने.